दर जुलैत स्टालिनग्राड वाकतं: पुठ्ठ्याच्या टेरेनचा बेस का वळतो आणि त्याचा बंदोबस्त कसा करायचा

छोट्या सैनिकांच्या बाहुल्या घेऊन टेबलावर लढाईचा खेळ खेळतात, त्यासाठी बनवलेली घरं आणि जमीन म्हणजे टेरेन, आणि ते ज्या सपाट तुकड्यावर उभं असतं तो बेस. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं तेच आहे का ते कळेल. कुरियरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर पडक्या घराचा एक कोपरा उभा केला, जमिनीला पांढरा गोंद फासून रेती भुरभुरवली, विटांचा ढिगारा केला, काळा-करडा रंग मारला, रात्री झोपताना दहा वेळा वळून बघितलं इतकं झकास झालं, आणि सकाळी उठून बघतो तर चारही कोपरे वर. टेबलावर फक्त मधोमध टेकतंय आणि बोट लावलं की होडीसारखं डुलतंय. वर ठेवलेले सैनिक घसरतात ते एक, पण खरा ताप म्हणजे भिंत बुडापासून सुटते, कारण भिंत सरळ आणि खालची जमीन बशी झालेली. दाबून ठेवलं की आठवडाभर बरं राहतं आणि मग परत तेच. माझ्याकडे हे सलग तीन पावसाळे झालं, तिसऱ्या वेळी डोकं फिरलं आणि नीट शोध घेतला, त्याचा हा हिशोब.

मी डोंबिवलीत राहतो आणि २८ मिमीचं (म्हणजे सैनिक साधारण २८ मिमी उंच, त्या मापाचं) स्टालिनग्राड बनवतो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली रशियातल्या त्या शहराची ऑगस्ट १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ ची लढाई. का तेच शहर, तर तिथली ती लाल विटांची गिरणी. शहराचं नाव आता व्होल्गोग्राड आहे, तिथे ती अजून तशीच ठेवलीय, न डागडुजी करता, भिंतींना भोकं, खिडक्यांच्या जागी नुसते खळगे. तिचे फोटो बघितले की वाटतं हे आपल्याला पुठ्ठ्यात जमेल. दुसरं कारण पैशाचं, बाहेरून टेरेनचा तयार सेट मागवायचा तर कस्टम आणि पोस्टेज धरून जो आकडा येतो त्यात घरात भांडण होतं. आणि लहानपणी दर दिवाळीत विटा, पोतं आणि चिखल यांचा किल्ला केलेल्या माणसाला पडकं घर विकत आणायची थोडी लाजच वाटते. त्यामुळे माझं सगळं शहर घरातल्या टाकाऊ वस्तूंचं आहे, कुरियरची खोकी, जुन्या लग्नपत्रिका, आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे हीर, बांधकामावर पडलेली गंजकी बाइंडिंग वायर (तुटलेल्या स्लॅबमधून बाहेर आलेली सळई म्हणून हिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, रंगसुद्धा द्यावा लागत नाही).

आता चुका. पहिल्या वर्षी वाटलं पुठ्ठा पातळ होता. म्हणून पुढच्या वर्षी फ्रिजच्या खोक्याचा जाड फाइव्ह-प्लाय पुठ्ठा वापरला. तो वळायला दोन दिवस जास्त लागले एवढंच, पण एकदा वळल्यावर सरळ करायला इतका हट्टी की पातळ परवडला. मग वाटलं गोंदात पाणी जास्त पडलं, म्हणून घट्ट गोंद वापरला, तरी वळला. मग वाटलं उन्हात वाळवलं म्हणून, तर पंख्याखाली वाळवला, वळला. ही तिन्ही कारणं थोडी थोडी खरी आहेत आणि म्हणूनच जास्त फसवी आहेत, प्रत्येक वेळी वाटतं की सापडलं एकदाचं.

खरा धागा सापडला तो सोलापूरच्या मित्रामुळे. त्यानं माझ्याच पद्धतीनं, माझ्याच मापानं कारखान्याचा एक भग्न कोपरा बनवलेला, ३० सेंमी बाय ३० सेंमी, आणि तो दोन वर्षं त्याच्या कपाटावर ठणठणीत सपाट. मला तो दर व्हिडिओ कॉलला दाखवायचा आणि वर म्हणायचा, तुझ्या हातातच काहीतरी आहे रे. गेल्या जुलैत तो दोन दिवस राहायला आला, कारखाना सोबत घेऊन आला, आमचा खेळ झाला, आणि जाताना तो पीस माझ्याकडेच राहिला. चौथ्या दिवशी त्याचे कोपरे उचलले होते. कुणी गोंद लावला नव्हता, रंग लावला नव्हता, पाण्याचा थेंब पडला नव्हता. नुसता हॉलमध्ये ठेवलेला. म्हणजे दोष माझ्या हातात नव्हता, हवेत होता. पण मग हवा तर पुठ्ठ्याला चहूबाजूंनी लागते, तो एकाच बाजूला का वळतो?

यासाठी एक छोटा प्रयोग केला, तो तुम्हीही करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि शंभर सल्ल्यांपेक्षा जास्त कळतं. एकाच खोक्यातून ५ सेंमी बाय २० सेंमीच्या तीन पट्ट्या कापल्या. एकीला काहीच लावलं नाही. दुसरीला फक्त वरून गोंद आणि रेती. तिसरीला वरून गोंद-रेती आणि खालून नुसता गोंदाचा हात. तिन्ही ओट्यावर डब्यांमागे ठेवल्या (घरच्यांना सांगून ठेवा, माझी पहिली बॅच भांडी पुसायच्या फडक्याबरोबर गायब झाली). गंमत म्हणजे दुसरी पट्टी दोन वेळा वळते. गोंद ओला असताना ती उलटी वळते, म्हणजे मधोमध फुगते आणि टोकं खाली, भाजायला टाकलेला पापड पहिल्या सेकंदाला करतो तसं. आपण बघतो, म्हणतो थोडंसं आहे, वाळल्यावर बसेल. ते बसतं, सपाट होतं, आणि थांबत नाही, पुढे जाऊन टोकं वर उचलतात. सकाळी माझ्या २० सेंमीच्या पट्टीची टोकं चांगली पेन्सिलभर वर होती. तिसरी पट्टी जवळपास सपाट. आणि पहिली, जिला काहीच लावलं नव्हतं, तीही सपाट, नुसती थोडी मऊ पडलेली.

कारण सोपं आहे. कागदाचे धागे पाणी प्यायले की फुगतात, आणि फुगतात ते जाडीत, लांबीत फारच कमी, म्हणून कागद धाग्यांच्या आडव्या दिशेला पसरतो. वरची बाजू ओली झाली, फुगली, म्हणून आधी कुबड. मग गोंद वाळताना आकसतो आणि वरच्या कागदाला धरून आत ओढतो, म्हणून टोकं वर. इथवर नवीन पीसची गोष्ट. पण वाळलेल्या, जुन्या पीसचं काय? तर वर गोंद, रेती, रंग असे तीन-चार थर बसल्यामुळे वरची बाजू जवळपास बंद झालेली असते आणि खालची बाजू उघडी. आमच्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, ती सगळी खालून शिरते, खालचा कागद फुगून लांब होतो, वरचा आहे तेवढाच राहतो, मग कोपरे कुठे जाणार, वरच. लक्षात घ्या, दोन्ही कारणं एकाच दिशेला वळवतात, त्यामुळे आपल्याला ते एकच दुखणं वाटतं. वजनाखाली दाबलं की पहिलं थोडं बरं होतं, दुसरं तसंच राहतं, म्हणून ते दर वर्षी पाहुण्यासारखं येतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत दुसरं कारण जागंच झालं नव्हतं, ते इथे येऊन झालं.

तर मुख्य उपाय एका ओळीचा आहे: बेसच्या वर जे कराल ते खालीही करा. वर गोंदाचा हात, तर खाली गोंदाचा हात, त्याच दिवशी, आणि शक्यतो त्याच तासात. वर रेती बसवलीत तर खाली रेती नको, पण गोंद तेवढाच जाड पाहिजे. मी आता पुठ्ठा कापला की कुठलीही भिंत चिकटवायच्या आधी दोन्ही बाजूंना गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं असं मिश्रण फासतो, वाळायला दोरीवर चिमट्याला उभा टांगतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा वारा लागतो. जमिनीवर आडवा टाकलात तर खालची बाजू उशिरा वाळते आणि केलेलं सगळं वाया.

त्याहून भारी उपाय म्हणजे ग्रिलला मारून उरलेला ऑइल पेंट. प्रत्येक घरात अर्धा डबा असतोच, साय धरलेला. साय बाजूला काढून खालचा पेंट दोन्ही बाजूंना आणि कडांना मारायचा. त्यात पाणी नसतं त्यामुळे पुठ्ठा फुगत नाही आणि वाळल्यावर हवेतला ओलावा शिरायलाही बराच अडथळा येतो. वरच्या बाजूचा पेंट ओला असतानाच रेती भुरभुरवून घ्या, दोन कामं एकदम. नंतर यावर पांढरा गोंद नीट धरत नाही, म्हणून रेती आधीच बसलेली बरी, किंवा पॉलिश पेपरनं घासून घ्यायचं. वास दोन दिवस राहतो, खिडक्या उघड्या ठेवा, आणि थर्माकोलच्या जवळपास हा पेंट नेऊ नका.

कडा हा विषय लोक सोडून देतात. खोक्याचा पुठ्ठा आतून नालीदार असतो ना, कापलेल्या कडेला त्या नाळ्यांची तोंडं उघडी राहतात, आणि ओलावा तिथून सरळ पोटात जातो. कडेभर मास्किंग टेप किंवा खोक्याच्याच कागदाची पट्टी गोंदानं चिकटवून तोंडं बंद करा. दिसायलाही बरं दिसतं, नाहीतर कितीही भारी कारखाना केलात तरी कडेवरून तो कुरियरचा डबाच दिसतो.

पुढची गोष्ट दिशेची. नालीदार पुठ्ठा नाळ्यांच्या दिशेनं ताठ असतो आणि आडवा सहज दुमडतो. म्हणून बेसला एक थर वापरू नका, दोन वापरा, आणि दुसऱ्या थराच्या नाळ्या पहिल्याला काटकोनात ठेवा, प्लायवूडमध्ये करतात तसं. लग्नपत्रिकेच्या कार्डालाही अशी दिशा असते, दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघा, एका बाजूनं पटकन वाकतं, ती ओळखायची. दोन थर चिकटवताना मधे गोंद लावून गव्हाच्या डब्याखाली चोवीस तास. डबा नसेल तर दिवाळी अंकांचा गठ्ठा, तोही आमच्याकडे रिकामा बसलेला असतो. पिवळा रबरी चिकटपदार्थ, चपला-बूट चिकटवायला वापरतात तो, त्यात पाणी नसल्यामुळे तो अजून चांगला, फक्त तोही थर्माकोल खातो.

आणि आकार. हे मला गणितातनं कळलं आणि वाईट वाटलं की आधी का नाही सुचलं. वळण तेवढंच असेल तर कोपऱ्याची उचल लांबीच्या वर्गानं वाढते. ३० सेंमीचा बेस ८ मिमी उचलत असेल तर तसाच १५ सेंमीचा फक्त २ मिमी उचलेल, आणि २ मिमी टेबलावर दिसतसुद्धा नाही. म्हणजे एक मोठा चौक करण्यापेक्षा चार तुकडे करा आणि शेजारी शेजारी मांडा, सांधे ढिगाऱ्याखाली झाकले जातात, शिवाय दर खेळाला शहराचा नकाशा बदलता येतो. माझं टेबल सहा बाय चार फुटांचं आहे आणि आता त्यावर १८ सेंमीपेक्षा मोठा एकही तुकडा नाही, फक्त ती गिरणी सोडून, तिचा मोह आवरला नाही.

उंचीचंही तसंच. २८ मिमीच्या खेळात एक मजला मी ७ सेंमीचा धरतो म्हणजे बोटं आत जातात. त्या शहरातलं सगळ्यात नावाजलेलं घर म्हणजे पावलोवचं घर, सोव्हिएत सैनिकांनी लढवत ठेवलेलं, ते चार मजली होतं, म्हणजे जवळपास २८ सेंमी भिंत, आणि एवढी भिंत पुठ्ठ्याच्या बेसवर उभी केलीत तर ती तरफेसारखी बुडाला उचकटत राहते. अडीच मजल्यांवर थांबा. पडकंच आहे, वरचे मजले बॉम्बनं नेले म्हणायचं.

कागदाचा बेस वापरायचाच नसेल तर सरळ सनबोर्ड, म्हणजे पाट्यांना वापरतात तो प्लास्टिकच्या फोमचा बोर्ड. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, चहा पाजलात तर पिशवीभर मिळतात, आणि निवडणूक झाली की विचारायलाच नको. तो पाणी पीत नाही, म्हणजे निम्मं दुखणं तिथेच संपलं. पण गुळगुळीत असल्यामुळे गोंद पापुद्र्यासारखा सोलून निघतो, म्हणून १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं वरची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासायचं. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं तो मऊ पडतो आणि जसा पडेल तसा वाकून थंड होतो. माझा एक तुकडा स्टेपनीच्या आकाराचा झालाय. त्याला मी बॉम्बखड्डा म्हणतो.

आता जे आधीच वळलंय त्याचं काय. फेकू नका, त्यात तुमचे चार रविवार गेलेत. पीस उलटा करा, जुन्या उशीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर, म्हणजे भिंती मोडणार नाहीत. खालच्या बाजूला ब्लेडनं अर्ध्या जाडीपर्यंत चिरा द्या, दर २-३ सेंमीवर एक. चिरा कुठल्या दिशेनं, तर ज्या रेषेवर तो दुमडल्यासारखा झालाय त्या रेषेला समांतर. खालचा कागद फुगून लांब झालाय ना, चिरेमुळे त्याची ताकद तुटते आणि पीस हातानं सपाट होतो, कधी कधी कर्र असा आवाज येतो, घाबरू नका. आता सरळ पट्टी लावून सपाट करा, चिरांमध्ये गोंद भरा, आणि वरून निम्मा गोंद निम्मं पाणी असा एक पातळ हात सगळ्या तळाला. हा हात वाळताना आकसतो आणि पीसला उलट्या दिशेनं ओढतो, म्हणजे ज्यानं बिघडवलं त्याच्याकडूनच दुरुस्ती. पण एकदम जाड हात देऊ नका, मी दिला आणि बशीची टोपी झाली. पातळ हात, रात्रभर थांबा, बघा, लागलाच तर दुसरा. सपाट झाल्यावर तळाला आइस्क्रीमच्या काड्या चिरांना आडव्या चिकटवा आणि सगळ्यात शेवटी ऑइल पेंट. हा शेवटचा टप्पा गाळलात तर पुढच्या जुलैत भेटू.

अजून दोन-तीन गोष्टी, ज्या वाकण्याशी थेट नाहीत पण त्याच ओलाव्याच्या आहेत. समुद्रावरची रेती वापरू नका. कोकण-गोव्यावरून येताना पिशवीभर आणायचा मोह होतो, बारीक आणि फुकट, पण तिच्यात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात पीस घामेजल्यासारखा चिकट होतो, वर कधी पांढरी बुरशीसारखी पूड येते. किनाऱ्यावरची रेती उचलून आणणंही बरोबर नाही. बांधकामाची रेती चाळून घ्या, आणि त्या गिरणीसारखा लाल ढिगारा पाहिजे तर फुटकी वीट बत्त्यानं कुटा, चहाच्या गाळणीतून गाळा. गाळणी नवीन आणा. यावर जास्त बोलत नाही.

कणकेच्या खळीनं कागदाचा लगदा करणारे असतील तर त्यांना बुरशी आणि झुरळं दोन्ही येणार, खळ म्हणजे शेवटी खाणंच. बुक-बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच, खळीऐवजी पांढरा गोंदच वापरा.

थर्माकोलबद्दल सगळे एकच विचारतात की स्प्रे मारल्यावर भिंत विरघळली कशी. स्प्रेच्या डब्यातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं, एवढंच. २०१८ च्या बंदीनंतर मखराचं थर्माकोल गेलं तरी मिक्सर-टीव्हीच्या खोक्यातलं येतंच, ते वापरा, पण आधी गोंद आणि काळा पाण्याचा रंग मिसळून दोन हात, एकही पांढरा ठिपका न सोडता. सोडलात तर स्प्रे नेमका तिथून शिरतो आणि आतून पोखरतो, बाहेरून भिंत शाबूत आणि बोट लावलं की आत. तोफगोळ्याचं भोक म्हणून मुद्दाम करायला मात्र हे झकास आहे, जिथे भोक पाहिजे तिथेच जागा उघडी ठेवायची आणि लांबून फुसकन एकदा. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून.

फोमबोर्डची भिंत वाकत असेल तर कारण वरचंच, दोन बाजूंना कागद आणि रंग एकाच बाजूला. एक तर दोन्ही बाजू रंगवा, नाहीतर दोन्हीकडचा कागद पाणी लावून सोलून टाका. सोललेल्या फोमवर बोथट पेन्सिलनं विटा कोरता येतात, २८ मिमीला एक वीट साधारण साडेचार मिमी लांब आणि एक-सव्वा मिमी उंच येते, सगळी भिंत कोरायला बसू नका, वेड लागेल, जिथे प्लास्टर उडालंय तिथेच चार-पाच ओळी कोरा. उडालेलं प्लास्टर म्हणून अंड्याचं टरफल चुरडून चिकटवा, त्याला तडे आयतेच असतात.

सोलापूरवाल्याचा कारखाना मी चिरा देऊन सपाट केला, तळाला दोन हात हिरवा ऑइल पेंट मारला (ग्रिलचा तोच उरला होता) आणि परत पाठवला. ऑगस्टमध्ये मुद्दाम पुन्हा मागवून आठवडाभर आमच्या बाथरूमबाहेरच्या फळीवर ठेवला, कोपऱ्याखाली पोस्टकार्डसुद्धा सरकत नव्हतं. त्याची तक्रार आता एवढीच आहे की खालचा हिरवा रंग का.